खुर्चीतले साहेब

८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. इतक्या वर्षांनी बहिणीला लिहायला बसलास आणि लिहिलंस काय, तर "आईचे पैसे तुझ्या शाखेतून काढ. इकडे पाठव. उशीर करू नकोस." तारेला शब्दामागे पैसे पडायचे, पत्राला पडत नाहीत, हे तुला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं.

पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. म्हणजे पुलापलीकडे, तुमच्या देशात, अजूनही पत्रं वाचून मगच पुढे धाडतात. तेव्हा हे पत्र दादाच्या आधी वाचणाऱ्या गृहस्थांनाही माझा नमस्कार. डिंक जरा बेताने लावत जा, कडेची अक्षरं फुटतात.

फोनच केला असता, पण बँकेच्या तपासनिसाने परदेशातून आलेला फोन घ्यायचा नाही असा तुमचा नियम. आणि तुला नियम म्हणजे सख्खा भाऊ, बहीण त्याच्यानंतर. आमच्या ह्यांचा अर्ज मी विसरले नाहीये. तेव्हा इकडेही सगळं तिकडच्यासारखंच होतं. कर्ज कुणाला, किती, कशासाठी, ते वरून ठरायचं. विजेच्या सामानाच्या दुकानाला कर्ज हवं तर आधी चालतं दुकान दाखवा! चालतं दुकान असतं तर हे बँकेत कशाला आले असते? तू इथला तपासनीस, अर्जावर 'नामंजूर' असा शिक्का मारलास आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आलास. आईने तुला वाढलं. मी आतून बाहेर आले नाही.

मग वारं फिरलं. सरकार म्हणालं, बँका काय कुक्कुली बाळं आहेत? त्यांचं त्यांना कळतं. नियमांची पुस्तकं रद्दीत गेली, तपासनिसांचं सरकारी खातं बंद झालं, आणि जिथे अजून तपासनीस लागतात तिथे तू पूल ओलांडून निघून गेलास. इकडे ह्यांना दोन सह्यांवर कर्ज मिळालं. मी याच शाखेची शाखाधिकारी झाले. आमचं बरं झालं, दादा. हे लिहिताना मला अजिबात लाज वाटत नाही.

आता आईच्या पैशांचं. बाबांच्या मागे तिला मिळालं ते सगळं माझ्या शाखेत आहे, दुसरीकडे तिचं काही नाही. पण जरा डोकं चालव. शाखाधिकाऱ्याची आई काउंटरवर उभी राहून सगळे पैसे काढतेय, हे कॅशियर बघणार, शिपाई बघणार, मागे उभा असलेला न्हावी बघणार. दुपारपर्यंत सगळ्या रस्त्याला कळेल आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग लागेल. रांग लागली की चांगली बँकसुद्धा बुडते, हे मला तूच शिकवलंस. नाही काढले आणि तुझी भीती खरी ठरून बँक बुडाली, तर म्हातारपणी आईच्या हातात काय राहील? तू तीन वाक्यांत हे सगळं माझ्या गळ्यात मारून मोकळा झालास.

एक विचारायचं राहिलं. तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. तीच, खांबाजवळची, काउंटरांकडे तोंड करून जमिनीला पक्की केलेली. तपासनीस कधीही न सांगता येऊन बसेल, दुसऱ्या कुणी बसायचं नाही, आणि तो नसला तरी आहे असं समजून काम करायचं, अशी आपली जुनी पद्धत. नियम गेला, पण ती काढायला सुतार काही आला नाही. गेल्या महिन्यापासून तिथे एक माणूस येऊन बसतो. तू तर पाठवला नाहीस ना?

बारकी


२ मार्च

दादा,

तू पाठवला नाहीस. बरं.

मग ऐक. शाखा उघडली की तो आत येतो आणि बंद होईपर्यंत बसतो. वय पन्नाशीचं म्हणावं तर तसं, सत्तरीचं म्हणावं तर तसंही. करडा कोट, मांडीवर एक सपाट कातडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. काही लिहीत नाही, वाचत नाही, डुलकी घेत नाही. तोंडाकडे कुणाच्याच बघत नाही, फक्त हातांकडे बघतो. कॅशियर नोटा मोजते तेव्हा तिच्या हातांकडे, मी सही करते तेव्हा माझ्या. शिपाई रोज चहा ठेवतो. चहावर साय धरते, ती सुरकुतते, मग तो कप उचलून नेतो.

मी मुख्य कार्यालयाला विचारलं. ते म्हणाले, सरकारने गुपचूप नेमलेला दिसतोय, तुम्ही चौकशी करू नका, बरं दिसत नाही. मग एका ओळखीतून सरकारकडे विचारलं. तिथला माणूस हसायलाच लागला. "बाई, आमच्याकडे आता तपासनीसच नाहीत. तुमच्याच बँकेने ठेवला असेल." आमच्या रखवालदाराला विचारलं, हा आत येतो तेव्हा तू काही बोलत का नाहीस? तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुमचे पाहुणे."

एकदा मी स्वतःच जवळ जाऊन वाकले. म्हटलं, "साहेब, काही बघायचंय का? काही काढून देऊ?"

"नको," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

आवाज साधा होता, जरासा घोगरा. मी आणखी काही विचारलं नाही. खरं लिहू? विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर मला नको होतं. कारण साहेब बसायला लागल्यापासून शाखेला शिस्त आली. मुलं मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवतात. कुणी मोठ्याने हसत नाही. ठेवी वाढल्यात. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बँकेतून पैसे काढून लोक आमच्याकडे ठेवतात, म्हणतात, "इथे वरचा माणूस बसतो." एक बाई पैसे भरायच्या आधी खुर्चीच्या हाताला बोट लावते. मी तिला म्हणायला गेले की अहो, असं करू नका, तर माझाच हात तिथे टेकलेला होता.

परवा न्हावी मला म्हणाला, "तुमचे बंधू परत आले की काय? पाठमोरे अगदी तसेच दिसतात." मी म्हटलं, काहीतरीच काय. पण मग दिवसभर मी साहेबांच्या मानेकडे बघत राहिले. तुझ्या मानेवर तीळ होता तो डावीकडे की उजवीकडे, ते मला आठवेना.

आई मजेत आहे. ती पेन्शन घ्यायला येते तेव्हा साहेबांना मान झुकवून जाते. मी घरी तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "काढायला कशाला हवेत? ते बसलेत ना लक्ष ठेवायला." तिच्या लेखी विषय संपला.

बारकी


२७ मार्च

दादा,

या वेळी चार पानं लिहिलीस. वाचणाऱ्या गृहस्थांनी त्यातल्या काही ओळींवर काळी शाई फिरवली आहे. पण उजेडात धरल्यावर खालचं दिसतं. मी धरलं.

तर तुमच्याकडे प्रत्येक खुर्चीत माणूस आहे, आणि कोणत्या फायली बघायच्या नाहीत ते त्याला सकाळीच फोन करून सांगतात. तुझ्या मुलीला घरासाठी कर्ज मिळत नाही, लग्न होऊनही ती नवऱ्यासकट तुझ्या बाहेरच्या खोलीत झोपते. सिमेंटचा कारखाना बंद पडलाय, पण तो कुणाच्यातरी मेहुण्याचा म्हणून त्याचं कर्ज दर वर्षी नवं होतं. हे तू मला आधी का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मला वाटायचं, तू तिकडे सोवळ्यात बसलायस आणि इकडे आमच्या नावाने नाक मुरडतोयस.

पण त्याच्या पुढचं वाचलं आणि मी जागच्या जागी बसले. लोकांनी ठेवी ठेवायच्या, बँकेने आपल्या देशात कुणाला कर्ज द्यायचं नाही, मग पैसा करणार काय? तुमच्या बँकेने तो पुलावरून इकडे धाडला. इकडे कुणाची मनाई नव्हती. आमच्या बँकेने तो घेतला आणि शाखेसमोरच्या तीन नव्या इमारतींवर लावला. तू तिकडची पानं तपासलीस, ती चोख. पुलाच्या अलीकडची तुझ्या हद्दीत येत नाहीत, आणि इकडे तर तपासायला कुणी उरलंच नाही. म्हणजे मी आईचे पैसे तुझ्याकडे पाठवले, तर ते मागच्या दाराने फिरून याच रस्त्यावर येणार. कडक म्हणून तुमचा देश भक्कम आणि मोकळा म्हणून आमचा कच्चा, असं आपण दोघं उगाच भांडत होतो म्हणायचं. तुमचा आमच्यावर रेललाय आणि आमचा तुमच्यावर.

आता त्या इमारतींचं सांगते, कारण ते मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यात कुणी राहत नाही. सगळे फ्लॅट विकले गेलेत, पण ज्यांनी घेतले त्यांनी पुढे विकायला घेतले, आणि पुढच्यांनी त्यांच्याही पुढे. प्रत्येक व्यवहाराला कर्ज आमचं. अंधाऱ्या इमारतीत गिऱ्हाईक पैसे घालत नाही, म्हणून बिल्डरने दिवे लावायचं ठरवलं आणि ते काम मिळालं आमच्या ह्यांना. प्रत्येक फ्लॅटमध्ये घड्याळाचं बटण. संध्याकाळ झाली की आधी स्वयंपाकघरातला दिवा लागतो, मग बाहेरच्या खोलीतला, मग एखाद्या खिडकीत मुलांच्या अभ्यासाचा टेबललॅम्प. हा क्रम ह्यांनीच बसवला. मोठ्या कौतुकाने मला गच्चीवरून दाखवला होता. मलाही छान वाटलं होतं.

परवा एका फ्लॅटचा दिवा अडकला म्हणून हे दुरुस्तीला गेले. जेवताना म्हणाले, "अगं, मी दार उघडायच्या आधी घंटी वाजवली. आणि आत जाताना चपला काढल्या."

"सवय असते," मी म्हटलं.

"हो. पण मी थांबलो होतो. कुणीतरी दार उघडेल म्हणून थांबलो होतो."

मग ते हात धुवायला उठले. मी आमच्या स्वयंपाकघरातला दिवा घालवला आणि पुन्हा लावला, उगाच, आपल्या हाताने लागतो का ते बघायला.

कोपऱ्यावरची बँक सोमवारी उघडलीच नाही. दारावर कागदसुद्धा लावला नाही. आमच्याकडे मात्र सगळं शांत आहे. साहेब बसलेले आहेत.

बारकी


१९ एप्रिल

दादा,

आज साहेब उठले.

दुपारच्या आधीची वेळ, आत बरीच गर्दी. आई पेन्शनसाठी आली होती, बाकावर बसली होती. मी माझ्या काचेतून बघत होते. साहेबांनी पिशवीवरचे हात उचलले, खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि ते उभे राहिले. इतके दिवस माझं लक्ष जायचं ते ते बसलेले असतानाच. उभे राहिल्यावर ते फारच बुटके निघाले. तुझ्या खांद्यालाही लागले नसते.

ते चालत रांगेच्या शेवटी गेले आणि उभे राहिले.

पुढचे लोक बाजूला झाले. "साहेब, या ना, पुढे या." ते म्हणाले, "नाही, नाही, रांगेनेच बरं." तरी लोकांनी त्यांना पुढे केलंच. त्यांनी कातडी पिशवी उघडली आणि एक मुदत ठेवीची पावती काउंटरवर ठेवली. आमच्याच शाखेची. बायकोच्या आणि त्यांच्या नावाची, आजच्या तारखेला मुदत संपलेली.

कॅशियरने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आले. माझ्या तोंडून गेलं, "साहेब, तुम्ही... तुमचं खातं इथे आहे?"

"हो," ते म्हणाले. "मुदत संपायच्या आत मोडली तर व्याज जातं. म्हणून थांबलो."

"मग रोज इथे येऊन बसायचात ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच चेहऱ्याकडे. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असं त्यांना वाटलं असावं. "अहो, पैसे इथे होते ना माझे. खुर्ची रिकामी. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. पण आत इतकी शांतता होती की मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं.

कॅशियर पैसे देताना म्हणाली, "मोजून घ्या." ते म्हणाले, "तुमचे हात रोज बघतोय की. मोजायला कशाला हवेत?" पैसे पिशवीत घातले, तिला नमस्कार केला, मला केला, आणि गेले. काचेचं दार त्यांच्या मागे आपोआप मिटलं.

दादा, कुणी ओरडलं नाही. मला वाटायचं, रांग लागली की आरडाओरडा होत असेल, काचा फुटत असतील. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. पैसे भरायला आलेल्यांनी भरायच्या पावत्या घडी करून खिशात ठेवल्या आणि काढायच्या पावत्या घेतल्या. सगळे एकदम लिहायला वाकले. कागदावर पेनं फिरतात त्याचा आवाज येत होता, तेवढाच. खुर्चीला बोट लावणारी बाई माझ्याकडे न बघता रांगेत गेली. न्हावी दुकान उघडं टाकून आला. दाराबाहेरची रांग त्या तीन इमारतींच्या फाटकापर्यंत गेली. तिजोरीत काय आहे हे मला माहीत होतं. बाकीचं सगळं समोर उभं होतं, विटा-सिमेंटचं, आणि ते काउंटरवरून देता येत नाही. कॅशियरच्या हातातून नोटा सुटून खाली पडल्या, आणि त्या उचलायला कुणी वाकलं नाही.

तेव्हा आई बाकावरून उठली. मला वाटलं, ही आता रांगेत जाणार. मनात म्हटलं, जा बाई, निदान तू तरी घेऊन जा तुझे. खरंच म्हटलं.

ती रांग ओलांडून खांबाजवळ गेली आणि खुर्चीत बसली. पेन्शनची पिशवी मांडीवर ठेवली, त्यावर दोन्ही हात ठेवले. शिपायाला म्हणाली, "मला चहा सांगतोस का रे? मी आहे इथे बराच वेळ."

लोक बघत राहिले. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "मॅडमच्या आई आहेत." दुसरं म्हणालं, "त्या जुन्या तपासनिसांच्याही आई त्या. त्यांचेही पैसे इथेच असतील की." आई नुसती हातांकडे बघत होती. जरा वेळाने मधला एक माणूस पावतीची घडी घालून निघून गेला. मग आणखी दोघं. न्हावी म्हणाला, "माझं गिऱ्हाईक अर्धं राहिलंय," आणि पळाला. दारं बंद करायची वेळ झाली तेव्हा रांगेत कुणी उरलं नव्हतं.

चहा तसाच होता. वर साय धरली होती.

बारकी


२३ एप्रिल

दादा,

आई रोज येते. शाखा उघडायच्या आधी दाराशी उभी असते, डबा घेऊन. लोक तिला मान झुकवून जातात. काल ती बाई आली आणि आधी खुर्चीच्या हाताला बोट लावलं, मग आईच्या मनगटाला.

मी मुख्य कार्यालयाला कळवलं की असं असं झालं, पैसे पाठवा, नाहीतर माणूस पाठवा. त्यांचं उत्तर आलं: तुमच्या शाखेतला प्रयोग फार यशस्वी झाल्याचं कळलं, इतर शाखांतही वडीलधारी माणसं बसवण्याचा विचार चालू आहे. मी ते दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. मग आवरेना. हे घाबरले.

आज घरी येताना आई वाटेत थांबली, त्या इमारतींसमोर. संध्याकाळ होत आली होती. ती म्हणाली, "बारके, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी तिथे बसते ते कशाची राखण करते?"

मला खोटं बोलता आलं असतं. रोज तेच तर करते मी, बँकेचा बिल्ला लावून. पण तिने माझ्या हातांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, आणि मी सांगून टाकलं. तुझे पैसे, बाबांचे, न्हाव्याचे, त्या बाईचे, पुलापलीकडच्या लोकांचेही, सगळे या भिंतींत आहेत आणि आत कुणी नाही. उद्या सकाळी पहिली तूच पैसे काढ, मी स्वतः देते, लोकांचं मग होईल ते होईल. मी रस्त्यात रडत होते, दादा.

तिने वर खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळे मलाच बघून थांबलेत ना? मग आता कशी उठू?"

तेवढ्यात दिवे लागले. आधी स्वयंपाकघरातले, वरपासून खालपर्यंत. आई म्हणाली, "चल, उशीर झाला. त्यांचीही जेवायची वेळ झाली." मी तिच्याकडे वळून पाहिलं, ती थट्टा करतेय का ते बघायला. मला कळलं नाही.

दादा, पुलावरून यायची परवानगी मागायला तुमच्याकडे किती दिवस लागतात? किती का लागेनात, आजच अर्ज टाक. त्या शिक्क्याचं मी आता काही बोलणार नाही. हवा तर तो शिक्का घेऊनच ये, आणि दिसेल त्यावर मार. आणि हे आधी वाचणाऱ्या गृहस्थांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, या पत्रावर शाई फिरवू नका. तुमचेही पैसे असतील कुठेतरी.

इथे लक्ष ठेवायला खरा माणूस हवाय. आई दमलीय. पण ती उठत नाही.

तुझी,
बारकी